माळावरचे कुत्रे, लांडगे आणि लस



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची ओळख आज ऊस, दूध आणि द्राक्षांवरून होते. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे शतकभराने उजनीचे पाणी आले, त्यातून ही ओळख घडली. पण पाटाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढले नाही, तिथे दुसरा मुलूख अजून शिल्लक आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळचा माळ, इंदापुरातील कडबनवाडी ही त्यातली माहितीची ठिकाणे. कुसळी गवत, विरळ बाभळी, मुरमाड जमीन, त्यावर चिंकारा, खोकड, कोल्हा, तरस आणि लांडगा. वन विभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडी येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केल्यापासून पुण्या-मुंबईचे लोक तो पाहायला येऊ लागले आहेत. मात्र या माळावर सर्वांत जास्त संख्येने वावरणारा मांसभक्षक प्राणी सफारीच्या फलकावर नसतो. तो कुत्रा आहे. वस्तीवरचा, धनगराच्या वाड्यावरचा, पोल्ट्रीच्या उकिरड्यावर जगणारा, कुणाचाही नसलेला आणि थोडा थोडा सगळ्यांचा असलेला. रोग अंगात बाळगणाऱ्या या मोकळ्या प्राण्याला मारावे की लस टोचावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा प्रश्न जगात सर्वांत कसोशीने तपासला गेला तो इंग्लंडमध्ये, आणि तोही दुभत्या जनावरांच्या निमित्ताने. तिथे बॅजर नावाचा, बिळे खणून कुटुंबाने राहणारा एक निशाचर प्राणी आहे. गाईंचा क्षयरोग त्याला होतो आणि त्याच्याकडून तो पुन्हा गाईंना होतो. बॅजर मारले की गोठे सुटतील, हा शेतकऱ्याचा सरळ हिशोब होता. जॉन क्रेब्स या प्राणिशास्त्रज्ञाच्या अहवालानंतर १९९८ मध्ये सरकारने हा हिशोब प्रयोगाने तपासायचे ठरवले. प्रत्येकी सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे तीस टापू निवडले गेले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले गेले. एका गटात सगळीकडे बॅजर मारायचे, दुसऱ्यात जिथे गाय आजारी पडेल तिथेच मारायचे, तिसऱ्यात कुणालाही हात लावायचा नाही. सुमारे अकरा हजार बॅजर मारले गेले. सगळीकडे मारलेल्या टापूंच्या आत गाईंचा क्षय सुमारे तेवीस टक्क्यांनी कमी झाला. त्याच टापूंच्या कडेला, दोन किलोमीटरच्या पट्ट्यात, तो सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला. आणि जिथे आजारी गोठ्यापुरतेच मारले, तिथे क्षय इतका वाढलेला दिसला की तो भाग २००३ मध्ये मध्येच थांबवावा लागला.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. बॅजरांची कुटुंबे आपापली हद्द राखून असतात. हद्द शाबूत असेपर्यंत एका कुटुंबाचा रोग बराचसा त्या कुटुंबातच राहतो. मारणी सुरू झाली की हद्दी मोडतात. वाचलेले प्राणी भटकू लागतात, रिकाम्या जागेत बाहेरचे शिरतात, अनोळखी प्राण्यांच्या गाठी पडतात, चावाचावी वाढते आणि रोगाला आजवर बंद असलेल्या वाटा मिळतात. संख्या घटते, पण उरलेल्यांची हालचाल वाढते, आणि रोग हालचालीवर पसरतो. २००७ मध्ये या प्रयोगावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र शास्त्रीय गटाने आपला निष्कर्ष मांडला की ब्रिटनमधील गाईंच्या क्षयरोगाच्या नियंत्रणात बॅजर मारण्याने अर्थपूर्ण भर पडणार नाही.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सरकारने हा सल्ला बाजूला ठेवून २०१३ मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशर येथून मोठ्या प्रमाणावर मारणी सुरू केली आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. या टापूंतील गोठ्यांत क्षय कमी झाल्याचे नंतरच्या विश्लेषणांतून दिसले. काही ठिकाणी ही घट निम्म्याहून जास्त होती. त्याच काळात गाईंच्या तपासण्या आणि गोठ्यांवरील निर्बंधही कडक झाले होते, त्यामुळे श्रेय कुणाचे किती यावर तिथे अजून वाद आहे. पण मारणीने काहीच होत नाही, असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. ती उपयोगी पडत असेल तर ज्या अटींवर पडते, त्या पाहायला हव्यात: टापू मोठा असावा, त्याला नदी-समुद्रासारख्या नैसर्गिक सीमा असाव्यात, बहुसंख्य प्राणी थोड्या दिवसांत मारले जावेत आणि हे काम वर्षानुवर्षे न थांबता चालावे. अर्धवट मारणी ही काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरते. दुसरीकडे ग्लॉस्टरशरमध्येच बॅजरांना बीसीजीची लस टोचून पाहिली गेली. कुटुंबातील एक तृतीयांशाहून जास्त प्राण्यांना लस मिळाली तर लस न मिळालेल्या पिल्लांचाही धोका मोठ्या प्रमाणात उतरतो, असे आढळले. लसवंत प्राणी आपल्या जागेवर राहतो, हद्द राखतो आणि रोगाला भिंत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने चालू संसदेची मुदत संपण्यापूर्वी मारणी बंद करून लसीकरणाकडे वळण्याचे जाहीर केले.

आता आपल्या माळावर येऊ. इथे बॅजर नाही. गाई-म्हशींचा क्षय मात्र आपल्याकडेही आहे, पण तो गोठ्यातून गोठ्यात जातो आणि त्याचा दोष रानातल्या कुणावर टाकता येत नाही. आपल्याकडे पाळीव आणि रानटी यांच्या मधल्या उंबरठ्यावर उभा आहे तो कुत्रा, आणि त्याच्या अंगातले दोन रोग या भागाला भिडतात. पहिला रेबीज. पिसाळलेला कुत्रा माणसाला चावतो, म्हशीला चावतो, मेंढरांच्या कळपात शिरतो. दावणीची म्हैस पिसाळली की तिचे कच्चे दूध कुणी कुणी घेतले याची शोधाशोध सुरू होते आणि लसीसाठी रांगा लागतात. भारतात रेबीजने दरवर्षी किती माणसे मरतात याचे अंदाज वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज अठरा ते वीस हजारांचा, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अलीकडच्या पाहणीचा सुमारे ५,७०० चा. कोणताही धरला तरी लक्षणे दिसल्यावर जवळजवळ हमखास मारणारा आणि लसीने पूर्ण टळणारा हा रोग आहे. दुसरा रोग म्हणजे कॅनाइन डिस्टेंपर. तो माणसाला होत नाही, त्यामुळे त्याची चर्चाही होत नाही. पण १९९४ मध्ये सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मेले आणि २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात सिंहांचे एकापाठोपाठ मृत्यू झाले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत हाच विषाणू सापडला. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात, अनिकेत बेलसरे आणि अबी तमीम वनक यांनी गावकुत्रे आणि खोकड यांचे रक्त तपासले होते. बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या खुणा होत्या आणि त्या खोकडांतही उतरल्या होत्या.

देशात भारतीय लांडगे सुमारे तीन हजार उरले आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजात महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे चारशे आले. हे चारशे एका जागी नाहीत, लहान लहान टोळ्यांनी विखुरलेले आहेत. इथिओपियातील बाले पर्वतात २००३ मध्ये धनगरी कुत्र्यांकडून रेबीज आला आणि वेब खोऱ्यातल्या लांडग्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काही महिन्यांत संपले. आपल्या एखाद्या माळावरची टोळी अशी गेली तर तिथे लांडगा परत येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. ज्यांचा संकर होतो त्यांच्यात रोगाची देवाणघेवाण होते, याला वेगळा पुरावा लागत नाही.

या सगळ्यावर गावात पहिला उपाय सुचतो तो कुत्रे मारण्याचा. कायद्याने तो करता येत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने आले आणि त्यांत निर्बीजीकरण, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे हीच वाट सांगितली आहे. पण मी कायद्याच्या आडोशाला उभा राहून बोलू इच्छित नाही. ज्याच्या लेकराला कुत्रा चावला त्याला कायदा दाखवणे हे उत्तर होत नाही. कायदा नसता तरीही मारणे चुकीचे ठरले असते, हे मला पुराव्याने सांगायचे आहे.

इंग्लंडमध्ये मारणी ज्या अटींवर जमली असे म्हणतात, त्यातली एकही अट इथे पुरी होत नाही. इंदापूरच्या उत्तरेला भीमा आहे, दक्षिणेला नीरा आहे, नकाशावर हद्द चांगली दिसते. पण पुलावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, मेंढरे जातात, कुत्रेही जातात. रिकाम्या झालेल्या वाडीत शेजारच्या वाडीतले कुत्रे काही आठवड्यांत शिरतात, कारण ज्या अन्नावर आधीचे जगत होते ते अन्न तिथेच असते. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट कुत्रे १.५३ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख मोजले गेले. यांतले बहुसंख्य थोड्या दिवसांत मारून ते वर्षानुवर्षे मारत राहण्याची ताकद कोणत्या ग्रामपंचायतीत आहे? जे होते ते अर्धवट असते. एखादी घटना घडते, लोक चिडतात, चार-दोन दिवस लाठ्या चालतात किंवा विषाचे तुकडे टाकले जातात, आणि विषाला आधी बळी पडतो तो माणसाळलेला, हाकेला येणारा कुत्रा, म्हणजे नेमका तोच ज्याला टोचणे सोपे होते. त्याच विषाने खोकड मरतो, तरस मरतो, लांडगाही मरतो.

रेबीजच्या बाबतीत मारणी फसण्याचे आणखी एक कारण रोगाच्या स्वभावातच आहे. हा रोग गर्दीवर फारसा अवलंबून नाही. पिसाळलेला कुत्रा मैलोन्मैल भटकतो आणि विरळ वस्तीतही दुसरा कुत्रा शोधून काढतो, म्हणून कुत्रे निम्मे केले तरी रोग निम्मा होत नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये रेबीज शिरला. बेटावरचे सुमारे निम्मे कुत्रे मारूनही तो गेला नाही. बालीत २००८ मध्ये तो आला, तिथेही आधी मोठी मारणी झाली आणि रोग बेटभर पसरला. २०१० च्या अखेरीस बेटव्यापी लसीकरण झाले तेव्हा मृत्यू झपाट्याने उतरले. याच रोगाची दुसरी, आशेची बाजू अशी की एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनाहूनही कमी कुत्र्यांना रोग देतो. गोवराच्या तुलनेत हा आकडा फार लहान आहे. म्हणून कुत्र्यांपैकी सत्तर टक्के दरवर्षी टोचले तर साखळी तुटते. शंभर टक्क्यांची गरज नाही, प्रत्येक भित्रा कुत्रा पकडण्याचीही नाही.

हे परदेशात जमते, आपल्याकडे जमत नाही, असा आक्षेप लगेच येतो. त्याला उत्तर आपल्या शेजारी आहे. गोव्यात २०१३ पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून घरोघर, गल्लोगल्ली कुत्रे टोचले. मोबाइलवरच्या नकाशाने पथकांना कुठला भाग राहिला ते दिसत होते. वर्षाला ९५ हजारांवर कुत्रे आणि सत्तर टक्क्यांचे प्रमाण गाठल्यावर कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तिथले कुत्रे आपल्याकडच्या कुत्र्यांपेक्षा शहाणे नाहीत आणि माणसेही आपल्यासारखीच आहेत.

तरीही गोवा आणि बारामती-इंदापूर यांत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे कुत्रे त्यांच्याबरोबर असतात. माळावर लांडग्याच्या सर्वांत जवळ जाणारा कुत्रा हाच. रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, राखणीला असतो, लांडग्याशी भिडतो, त्याचा चावा खातो आणि त्याला चावतो. शहराच्या पद्धतीने, गाडी घेऊन मोकाट कुत्रे धरत फिरणाऱ्या पथकाच्या हाती तो कधीच लागणार नाही. पण तो मोकाट नाहीच. त्याला मालक आहे, नाव आहे, मालकाने मान धरली तर तो निमूट सुई घेतो. टोचणीची वेळ तेवढी साधली पाहिजे, दिवाळीपूर्वी, कळप निघण्याआधी. लांडग्याच्या दृष्टीने पाहिले तर गावातल्या शंभर कुत्र्यांपेक्षा वाड्यावरच्या दहा कुत्र्यांची लस जास्त मोलाची ठरू शकते. इथिओपियातील बालेच्या अनुभवावर आधारलेल्या अभ्यासातही असेच निघाले की प्रत्येक प्राण्याला लस देण्यापेक्षा रोग ज्या वाटेने येतो ती वाट अडवली तर थोडक्या लसीत लांडगे लुप्त होण्याचा धोका टळतो.

मग थेट लांडग्यांनाच का टोचू नये, असेही विचारले जाते. युरोपात रानातल्या लाल कोल्ह्यांना लस दिली गेली आहे. तिथेही आधी बिळांत विषारी वायू सोडून आणि गोळ्या घालून कोल्हे मारण्यात वर्षे गेली आणि रोग पुढे सरकतच राहिला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली गेली आणि त्या वाटेने जाऊन १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त झाला. पण तिथे रोगाचे घरच कोल्ह्यात होते. आपल्याकडे घर कुत्र्यात आहे, लांडगा त्याचा अधूनमधूनचा बळी आहे. चारशे लांडग्यांत रेबीज स्वतःच्या बळावर टिकूच शकत नाही. लांडगा धरणे, बेशुद्ध करणे, टोचणे यात त्याच्या जिवाला धोका आहे आणि माळावर टाकलेले आमिष त्याच्याआधी कुत्रेच खातील. साथ प्रत्यक्ष पेटली तर गोष्ट वेगळी. एरवी सुई कुत्र्याला लागली पाहिजे.

डिस्टेंपरच्या बाबतीत मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. तो श्वासातून, लाळेतून सहज पसरतो, त्यामुळे त्याची साखळी तोडायला जास्त मोठे प्रमाण लागते. सेरेंगेटीभोवतीच्या कुत्र्यांचे वर्षानुवर्षे लसीकरण होऊनही सिंहांमधला हा विषाणू पुरता गेला नाही. म्हणून रेबीजची लस सगळीकडे आणि डिस्टेंपरची जोडलस माळाला लागून असलेल्या वाड्या-वस्त्यांवर आणि धनगरी कुत्र्यांना, असा क्रम मला योग्य वाटतो. त्याने धोका संपणार नाही, कमी होईल.

सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे. लस टोचलेला कुत्राही चावतो, शेळी फाडतो, चिंकाऱ्याच्या मागे लागतो. लसीने रोग जाईल, कुत्रा तिथेच राहील. हे खरे आहे आणि ते झाकून ठेवू नये. बेलसरे आणि वनक यांच्याच गणिती अभ्यासानुसार निर्बीजीकरणाने संख्या खाली आणायची तर फार मोठ्या प्रमाणावर आणि अनेक वर्षे खंड न पडता ते करावे लागते. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रियेची सोय उभी राहीपर्यंत वाडीवर ती पोहोचणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की लसीला शस्त्रक्रियेसाठी ताटकळत ठेवू नये. आज ‘नसबंदी झाली की मग लस’ या क्रमामुळे दोन्ही राहून जातात. सुईला ना शस्त्रक्रियागृह लागते ना पिंजरा. संख्येचा प्रश्न सोडवायचा तर तो अन्नाच्या बाजूने सोडवावा लागेल. या दोन तालुक्यांत पोल्ट्रीचा धंदा मोठा आहे. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुन्यासह पुरण्याऐवजी माळाच्या कडेला फेकल्या जातात तिथे कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात, आणि त्याच ढिगावर रात्री लांडगा येतो. रोगाच्या देवाणघेवाणीची याहून सोयीची जागा कुणी ठरवून तयार केली नसती. हा खड्डा खणवून घेणे ग्रामपंचायतीच्या हातातले काम आहे, त्यासाठी दिल्ली-मुंबईचा आदेश लागत नाही. नुकसानभरपाईचेही एक त्रांगडे इथेच सांगतो. लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई वन विभाग देतो, कुत्र्याने मारलेल्या मेंढीची कुणी देत नाही. त्यामुळे मेंढपाळाने लांडग्याचे नाव घेणे स्वाभाविक आहे आणि कुत्र्यांचे पाप लांडग्याच्या खात्यावर चढत जाते. कुत्र्याने मारलेल्या मेंढीचीही नोंद आणि काही भरपाई सुरू केली तर खरा हिशोब तरी कळेल.

राहता राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. पशुवैद्यकीय दवाखान्यांत माणसे कमी आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण याच यंत्रणेने २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला तेव्हा काय केले ते आठवा. आजारी जनावर मारायचा विचारही कुणी केला नाही. शेळ्यांच्या देवीची लस घेऊन पशुधन पर्यवेक्षक आणि डॉक्टर गोठ्या-गोठ्यांवर गेले आणि काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक सगळ्या गोवंशाला टोचून झाले. लाळ्या-खुरकूताची लस घेऊन हीच माणसे वर्षातून दोनदा प्रत्येक दावणीला जातात, कानातला बारा आकडी बिल्ला तपासतात, नोंद करतात. त्यांच्याकडे लसीची थंड पेटी असते, सुया असतात, आणि घरचा मालक हजर असतो. दावणीशेजारी कुत्रा बसलेला असतो. त्या दोन फेऱ्यांपैकी दिवाळीच्या आधीच्या फेरीत पेटीत रेबीजच्या लसीची एक बाटली जास्त ठेवायची, मालकाकरवी कुत्रा धरायचा, टोचायचा आणि गळ्यात त्या वर्षाच्या रंगाचा पट्टा बांधायचा. जे कुत्रे कुणाच्याच हाती येत नाहीत त्यांच्यासाठी नंतर जाळीवाले पथक किंवा तोंडावाटे द्यायची लस यांचा विचार करता येईल, पण सत्तर टक्क्यांचा मोठा हिस्सा या पहिल्या फेरीतच पुरा होईल असा माझा अंदाज आहे. केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या रेबीज निर्मूलनाच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे २०३० चे लक्ष्य आता फार दूर नाही. बारामती-इंदापूरपुरती ही फेरी सुरू करायला जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाचा एक ठराव, वन विभागाकडून माळालगतच्या वाड्यांची यादी आणि कळप निघण्याआधी धनगर वाड्यांवर पोहोचणारी दोन पथके पुरेशी आहेत. पहिल्या वर्षी रंगीत पट्टे मोजले की कोणती वाडी राहिली ते दिसेल, आणि पुढच्या वर्षीची फेरी त्या वाडीपासून सुरू करता येईल.